भंडाऱ्यात अडकलेला सूर

राजुरीच्या कुशाबा औटींच्या गोठ्यात सकाळी दूध काढायचं मशीन सुरू झालं, की कुशाबांचं दुसरं कामही सुरू व्हायचं. एक कान गाईंकडे, दुसऱ्या कानात इअरफोन. त्यात जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्या तरी पोरानं नाहीतर पोरीनं केलेलं नवं संगीत. त्याला शब्द नाहीत, गाणारा नाही. नुसती वाद्यं, आणि त्यातलीही निम्मी कॉम्प्युटरच्या पोटातली. दूध काढून होईपर्यंत कुशाबा काही बोलायचे नाहीत. मग हात पुसून फोन तोंडाजवळ धरायचे.

"ज्याचं कुणाचं आसंल त्याला सांगतो. सुरवात लई गोड हाय. मोटर चालू झाल्यावर पाणी यायच्या आधी पायपात हवा घुमती ना, तसं वाटलं. पर पुढं तुझा ठोका आमच्या मशीनसारखा पडतोय. मशीनला दूध काढायचंय, तुला माणूस उभा करायचाय. मधी एकदा ठोका काढून बघ. ऐकणाऱ्याला दम घिऊ दे, मग परत टाक."

हे रेकॉर्डिंग 'ऐकून सांगा' नावाच्या ग्रुपवर जायचं. ग्रुप खोडदच्या वृषालीनं काढलेला. ती नारायणगावात एका फोटोच्या दुकानात कामाला होती आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर संगीत करायची. एकदा जुन्या बेंजोचा आवाज घ्यायला म्हणून ती कुशाबांकडे आली. कुशाबांनी बेंजो काही माळ्यावरून काढला नाही, पण तिनं मोबाइलवर ऐकवलेल्या तुकड्यात कान कुठं अडखळतो ते बरोबर सांगितलं. तेव्हापासून ती त्यांना सोडेना. ग्रुपचा नियम साधा होता. धून बिननावाची टाकायची. सांगणाऱ्यानं आधी आवडलं ते सांगायचं, मग कान कुठं उठून गेला ते, आणि शेवटी करून बघण्यासारखी एखादी गोष्ट. कुणाच्या कामावर थुंकायचं नाही.

कुशाबा तर कुणाला वाईट म्हणालेच नव्हते. प्रयागबाई, त्यांची बायको, म्हणायची, "दुनियंला गूळ वाटत्यात. घरात आमटीला मीठ कमी पडू द्या, मग बघा."

पण ह्या गूळ वाटणाऱ्या माणसाच्या पोटात एक निखारा होता. वरची राख फुंकणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढंच.

तरुणपणी कुशाबा बेंजो पार्टीत वाजवायचे. टेम्पोवर भोंगे बांधलेले, ढोलकी-ताशावाले मागं, कीबोर्डवर धर्माजी आणि बेंजोवर कुशाबा. धर्माजी ओझरच्या बाजूचा. दिसायला देखणा, बोलायला चतुर, हातही तयार. खोट एकच. धून संपत आली की त्याला घाई व्हायची, हात लयीच्या पुढं पळायचे. कुशाबा तेव्हा आपली लय ओढून धरत आणि त्याला झाकून घेत. धर्माजीला हे कधी कळलंही नाही.

त्या काळात कुशाबांनी एक धून बांधली होती, बैलगाड्यांच्या घाटासाठी. घाट म्हणजे गाडे पळतात तो चढ. बैल सुटल्यापासून वरच्या निशाणापर्यंत जेमतेम दमभराचा वेळ. तेवढ्यात बसावी, खुरांबरोबर चढत जावी आणि मध्यमावर, सा-रे-ग-म मधल्या 'म'वर, येऊन विसावावी, चढ चढून आलेला गडी कंबरेवर हात ठेवून उभा राहतो तशी. उसाला पाणी देता देता बांधलेली ती धून कुणाला ऐकवली नव्हती. आंबेगावच्या अंगाला एका गावात खंडोबाची जत्रा होती. तिथं टेम्पोवर चढल्यावर ते पार्टीला म्हणाले, "नवीन हाय. तुमी नुसता ताल धरा, मी नेतो."

सकाळीच त्यांनी बेंजोच्या पट्ट्यांना खोबरेल लावलं होतं. गाडे सुटायच्या आधी 'येळकोट येळकोट' झालं आणि लोकांनी पोत्यानं भंडारा उधळला. माणसं, बैल, भोंगे, सगळं पिवळंजर्द. तेलात हळद बसली आणि बेंजोची नेमकी मध्यमाची पट्टी अडकली. दाबली तरी खाली जाईना. तोवर पहिला गाडा सुटलाही. कुशाबांनी काय करावं? तो सूर आला की हात उचलायचा, जागा कोरी सोडायची आणि पुढं जायचं. तशीच त्यांनी धून नेली. घाट नुसता नाचला. दिवसभर तीच धून वाजली, तशीच भोकं पडलेली.

संध्याकाळी टेम्पोवरून उतरताना कुशाबांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. बेंजो पोत्यात घालून माळ्यावर गेला. प्लास्टर निघेपर्यंत धर्माजी पुण्याला जाऊन आला होता. बाजारात कॅसेट आली. वर फेटा बांधलेल्या धर्माजीचा फोटो, खाली 'संगीत: धर्माजी'. त्यानं धून ऐकली होती तशीच कीबोर्डवर उतरवली होती. मध्यमाच्या जागा कोऱ्या. त्याला वाटलं, धूनच अशी आहे.

पहिल्या कोऱ्या जागेत घाटावरचे लोक 'भिर्रर्र!' अशी आरोळी ठोकायला लागले. पुढं शर्यती बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, पण धून लग्नांत, हळदीत, पोरांच्या मोबाइलात वाजत राहिली. धर्माजीचा साउंडचा धंदा वाढला, दारात भिंतीएवढ्या स्पीकरचा ट्रक उभा राहिला. लोक त्याला घाटाच्या धुनेचा बाप म्हणायला लागले.

कुशाबा एकदा बोलले होते. ओझरला चतुर्थीच्या गर्दीत त्यांनी धर्माजीला गाठलं. "धर्मा, धून माझी हाय. तुला म्हाईत हाय."

धर्माजी भोवतालच्या लोकांकडं बघून हसला. "धून काय सातबाऱ्यावर आसती व्हय रं कुशा? आन की मग तुझा उतारा!"

लोक हसले. आणि लाजेकाजेनं कुशाबाही हसले. धर्माजीच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या त्या हसण्याचा राग त्यांच्या मनात जास्त राहिला. त्यानंतर त्यांनी बेंजोला हात लावला नाही. लग्नात ती धून वाजली की ते पंगतीतून उठत. प्रयागबाईला सवय झाली होती. जेवण झालं की ती सरळ गाड्या लावलेल्या ठिकाणी जायची. कुशाबा तिथं कुणाच्या तरी मोटरसायकलीला टेकून उभे असायचे.

आणि एका दुपारी धर्माजीचाच फोन आला.

"कुशा, वळखलास का आवाज?"

कुशाबांनी हातातली वैरण खाली ठेवली.

"अरं, आपल्या घाटाच्या धुनंचं नवं रूप केलंय. समदं इलेक्ट्रॉनिक! यंदा त्याच खंडोबाच्या जत्रंत वाजवायचंय. कमिटीनं माझा सत्कार बी ठेवलाय. पर ही आताची पोरं म्हणत्यात, राजुरीचे काका बरं म्हणले तरच खरं. मी तुमच्या त्या ग्रुपावर टाकतो. दोन शबूद बोल की राव! जुन्या वळखीचा मान राख."

'आपल्या' हा शब्द कुशाबांच्या कानात मुरमासारखा खुपला. पण ते इतकंच म्हणाले, "पाठीव."

रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. बरं म्हणावं, तर आपल्याच तोंडानं धून त्याच्या नावावर करून दिल्यासारखं होणार. वाईट म्हणावं, तर सगळा तालुका म्हणणार, म्हातारा जळतोय. प्रयागबाई म्हणाली, "सोडून द्या आता. रागानं दूध नासतं."

"नासू दे," कुशाबा म्हणाले. "एवढी वर्सं नासलंय ते काय कमी हाय?"

सकाळी धून ग्रुपवर आलेली होती, नियम मोडून नावासकट; मशीन लावून त्यांनी ती ऐकली. सुरुवातीला मानावंच लागलं, केलं होतं झकास. खालून बास असा यायचा की जणू बैल जागेवरच खूर आपटतायत. धून चढली, चढली, मध्यमाच्या जागी आली आणि तिथं काहीच नव्हतं. त्या पोकळीतून गोठ्यातल्या मशीनचा ठोका ऐकू आला. कुशाबांनी पुन्हा ऐकली. एवढ्या वर्षांनी, एवढी नवी यंत्रं आणून, धर्माजीनं भोकं तशीच्या तशी ठेवली होती. कुशाबा इतक्या मोठ्यानं हसले की गाईनं मान वळवली.

"काय झालं वो?" प्रयागबाई दारातून म्हणाली.

"चोरानं घर लुटलं," कुशाबा डोळे पुसत म्हणाले, "आन् पडकी भित्त बी पाठीवर घिऊन गेला!"

मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि जन्मात बोलले नव्हते इतक्या गोड आवाजात बोलले.

"धर्माजींनी लई झकास काम केलंय. बास भारी, पर कानावर बसत न्हाई. चढ बी नीट बांधलाय. फकस्त एक वाटलं. चढून आल्यावर धून जिथं टेकायला पायजे, तिथं एक सूर राह्यलाय. पायरी नसल्यावानी पाय खाली जातो. धून त्यांचीच हाय, तवा तो सूर त्यांना ठावकीच आसंल. तेवढा बसवला की धून घरी येईल."

ग्रुपवर गलका झाला. पोरं म्हणाली, खरंच की, तिथं काहीतरी राहिलंय. कोणी षड्ज घालून बघितला, कोणी पंचम. "काका, तुम्हीच सांगा ना!" कुशाबांनी उत्तर दिलं, "मी कसा सांगू बाबांनो? ज्याची धून त्याला इचारा."

संध्याकाळी धर्माजीचं रेकॉर्डिंग आलं. आवाजात हसू होतं. "पोरांनो, ती जागा मी मुद्दाम मोकळी सोडलीया. लोकांनी आरोळी ठोकायची म्हून! कलाकारानं समदं स्वतःच वाजवायचं नसतं, राव. कुशाबा आता गोठ्यात रमलेत, घाट इसरले."

पोरांनी शाबासकीचे अंगठे आणि टाळ्या पाठवल्या. काय डोकं आहे, म्हणाले. कुशाबांनी फोन पालथा घातला. त्या संध्याकाळी त्यांनी चहाही घेतला नाही. पुन्हा एकदा ओझरची गर्दी हसत होती, आणि ह्या वेळी ती त्यांनी स्वतः जमवली होती.

दुसऱ्या दिवशी वृषाली आली. "काका, तुम्ही उगीच काही बोलत नाही. त्या जागेचं काय आहे, खरं सांगा."

कुशाबांनी सगळं सांगितलं. तेल, भंडारा, अडकलेली पट्टी. सांगता सांगता ते धून तोंडानं म्हणत होते, आणि मध्येच थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. डोळे हळूहळू बारीक झाले.

"वृषाली, मध्यम धुनंत किती जागी येतो, मोज बरं."

"चढ संपतो तिथं. मग परतीत. आणि अगदी शेवटी."

"आन् धर्माच्या धुनंत?"

तिनं मोबाइलवर लावलं. कान देऊन ऐकलं. "काका! तिन्ही ठिकाणी रिकामंच आहे. अख्ख्या धुनेत मध्यम कुठंच नाही!"

"पयल्या जागी आरोळी. बरं, मानलं. मंग परतीत कोण वरडतंय? शेवटाला कोण वरडतंय?" कुशाबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "त्यानं एका भोकाला ठिगळ लावलं, आन् बाकीची उघडीच! शिडी आन. माळ्यावरचं पोतं काढायचंय."

पोत्यातून बेंजो निघाला. तारा गंजलेल्या होत्या. पट्ट्यांमधल्या फटीत अजून पिवळं दिसत होतं. वृषाली पुसायला गेली तर कुशाबा जवळजवळ ओरडलेच, "हात लावू नगं! नव्या तारा फकस्त बसव. बाकी तसंच ऱ्हाऊ दे."

प्रयागबाई म्हणाली, "भांडायला चाललाव का?"

"न्हाई गं. सुधारणा सांगाया."

जत्रेच्या दिवशी घाट माणसांनी काठोकाठ भरला होता. बैलांच्या शिंगांना रिबिनी, उसाच्या रसाच्या गाड्यांच्या घंटा, आणि एका कडेला धर्माजीचा स्पीकरचा ट्रक. स्टेजवर माइक धरून चिमाजी निवेदक उभा होता. ज्याचं नाव तो घाटावर पुकारेल, ते वर्षभर आसपासच्या गावांत चालतं, असा त्याचा गळा. कमिटीनं कुशाबांनाही बोलावलं होतं, नव्या धुनेवर दोन शब्द बोलायला. ही सूचना धर्माजीचीच. ग्रुपवर जिंकला होता, आता सगळ्यांच्या समोर कुशाबांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

धर्माजीला फेटा बांधला, शाल दिली. त्यानं कुशाबांच्या हातातलं पोतं पाहिलं. "काय आणलंस रं? रानातली वाळकं?"

"तुझ्यासाठीच आणलंय," कुशाबा म्हणाले.

ट्रकमधून धून वाजली. मोकळी जागा आली आणि साऱ्या घाटानं 'भिर्रर्र!' केलं. धर्माजीनं दोन्ही हात वर केले. मग चिमाजीनं माइक कुशाबांकडं दिला. एवढ्या लोकांपुढं ते कधी बोलले नव्हते. म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि गोठ्यात असल्यासारखं बोलायला लागले.

"धर्माजींचा ठोका लई चांगला हाय. बास मोठा हाय, पर बैल बुजणार न्हाई असा. हे पयलं." लोकांनी टाळ्या दिल्या. "आता कान कुठं उठला ते सांगतो. आरोळीसाठी जागा सोडली म्हणले, बरूबर हाय. पर तोच सूर परतीत बी न्हाई. शेवटाला बी न्हाई. तिथं तर कुणी वरडत न्हाई. एकच सूर धुनंतून तीनदा गेलाय. धर्माजी, त्यो का घातला न्हाई, तेवढं सांगा. पोरांना शिकाया मिळंल."

धर्माजीनं हसून फेटा सारखा केला. "अरं, ती... ती ठेवणच तशी हाय."

"तशी न्हाई. मी सांगतो कशी हाय."

कुशाबांनी बेंजो मांडीवर घेतला आणि चिमाजीला जवळ बोलावलं. "चिमाजी, ही पट्टी दाबून बघ."

चिमाजीनं दाबली. "बसंना की."

कुशाबांनी पेचकसानं पट्टी उचकटली आणि बेंजो पालथा धरला. हळदीचा पिवळा खडा सुटून स्टेजच्या फळीवर पडला आणि फुटला. समोरच्या लोकांना तो काय आहे हे सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्याच कपाळाला तोच भंडारा होता.

"मी ही धून पयल्यांदा वाजवली ती ह्याच देवाच्या जत्रंत, ह्याच घाटावर," कुशाबा म्हणाले. "त्या दिवशी उधळलेला भंडारा हा. पट्टी अडकली म्हून मला मध्यम सोडावा लागला. ज्यानं धून बांधली त्याला म्हाईत हाय की तो सुटला व्हता. ज्यानं उचलली त्याला कसं म्हाईत आसंल? धर्मा, तू मला उतारा मागितला व्हतास. हा घे."

आणि त्यांनी धून वाजवली. मनगट आखडलं होतं, दोन ठिकाणी हात चुकला. पहिल्या जागी सवयीनं लोकांनी आरोळी ठोकली आणि मध्यम त्यात बुडून गेला. कुशाबांच्या जिवाचं पाणी झालं. पण परतीला घाट गप्प होता. तो सूर तिथं पडला, आणि चढ चढून आलेला गडी अखेर टेकला. पुढं बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "आरं तिच्या, हे राह्यलं व्हतं व्हय!"

धर्माजी जवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "बास कर कुशा. लोकांत इज्जत घालवलीस."

"मी तुला वाईट म्हणलो का?" कुशाबा त्याच गोड आवाजात म्हणाले. "सुधारणा सांगितली."

खाली बैल थांबायला तयार नव्हते. पुढच्या गाड्याची बारी सुटायची होती. चिमाजीनं माइक हातात घेतला, फेट्याकडं बघितलं, बेंजोकडं बघितलं, आणि गळा काढला, "सुटली रं सुटली! आन् धून राजुरीच्या कुशाबाची!"

धर्माजीनं फेटा तिथंच सोडला आणि ट्रकच्या मागं निघून गेला. कुशाबा त्याच्याकडं बघत राहिले. दया येईल असं त्यांना वाटलं होतं. आली नाही. त्या दिवशी जत्रेच्या पंगतीत ते शेवटपर्यंत बसून जेवले. प्रयागबाईनं त्यांना शोधायला गाड्यांकडं चक्कर मारली आणि परत येऊन बघते तर हे दुसऱ्यांदा आमटी मागतायत.

काही दिवसांनी ग्रुपवर एक धून आली, बिननावाची. तोच बास, तोच चढ. तिन्ही ठिकाणी मध्यम बसवलेला. ती कुणी पाठवली हे सगळ्यांना कळलं, पण कुणी बोललं नाही. सगळे काकांची वाट बघत होते.

कुशाबांनी दूध काढून घेतलं, हात पुसले. "सूर बरूबर बसला," ते फोनमध्ये म्हणाले. "आता फकस्त वरचं नाव बसवायचं राह्यलंय. तेवढं करून बघा."

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या सकाळी तीच धून पुन्हा आली. ह्या वेळी वर लिहिलं होतं, 'धून: कुशाबा औटी, राजुरी. वाजवणारा: धर्माजी.'

प्रयागबाई कपबशी घेऊन उभी राहिली. "झालं का समाधान?"

"थांब. ऐकू दे."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. आणि अगदी शेवटी, धून संपायला आली तशी, धर्माजीचे हात पळाले. तेच जुनं पळणं. मागून ओढून धरायला आता कुणी नव्हतं, त्यामुळं ते चांगलंच उघडं पडत होतं. पोरांना आज नाही तर उद्या कळेल, आणि ती हसतील.

'ऐकून सांगा'च्या नियमानं हे सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम. कुशाबांनी फोन तोंडाजवळ धरला.

"आता काय बी सांगण्यासारखं उरलं न्हाई," ते म्हणाले. "अशीच वाजवा."

आणि त्यांनी चहाचा कप घेतला.